मोठ्या माणसाची रिकामी खुर्ची

८ मे २०१३ रोजी मँचेस्टर युनायटेड या फुटबॉल क्लबाने आपले व्यवस्थापक सर ॲलेक्स फर्ग्युसन हंगामाच्या अखेरीस निवृत्त होत असल्याचे जाहीर केले, आणि दुसऱ्याच दिवशी त्यांच्या जागी डेव्हिड मॉइस यांची सहा वर्षांच्या कराराने नेमणूक केल्याचेही जाहीर केले. साडेसव्वीस वर्षे एकाच पुरुषाने भूषविलेले आसन एक दिवसही रिकामे राहिले नाही. या तत्परतेचे त्या वेळी फार कौतुक झाले. संस्था असावी तर अशी, असे म्हणणारेही पुष्कळ निघाले. पुढे २२ एप्रिल २०१४ रोजी, म्हणजे सूत्रे प्रत्यक्ष हाती घेतल्यास दहा महिनेही लोटले नाहीत तोच, मॉइस यांना दूर करण्यात आले. आदल्या वर्षी लीग जिंकणारा संघ त्या वर्षी सातव्या स्थानावर राहिला.

परदेशातील एका क्लबाची ही कथा आम्ही या जागी का सांगत आहोत, असे कोणी विचारील. शनिवारी रात्री या संघांचे सामने पाहण्यासाठी जागणारी घरे आता मुंबई-पुण्यातही कमी नाहीत, हे एक उत्तर झाले. पण दुसरे अधिक महत्त्वाचे आहे. ज्याने संस्था नावारूपास आणली तो पुरुष गेल्यावर तिचे काय करावयाचे, हा प्रश्न शिक्षणसंस्थेपासून नाटक मंडळीपर्यंत सर्वांनाच कधी ना कधी पडतो. इतरत्र त्याचे उत्तर चुकले तर ते वार्षिक अहवालाच्या गुळगुळीत कागदाखाली काही वर्षे तरी झाकून ठेवता येते. फुटबॉलमध्ये ती सोय नाही. तेथे दर आठवड्यास हजारो लोकांसमोर परीक्षा होते आणि गुणपत्रिका त्याच संध्याकाळी भिंतीवर लागते. म्हणून वारसाचा प्रश्न अभ्यासावयाचा तर तो तेथे अभ्यासावा.

इंग्लंडात ज्याला मॅनेजर म्हणतात तो नुसता खेळाचा शिक्षक नव्हे, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. निदान फर्ग्युसन यांच्या पिढीपर्यंत संघ निवडणे, खेळाडू विकत घेणे व विकणे, कुमारांच्या तुकडीवर नजर ठेवणे, मालकांशी बोलणे आणि वृत्तपत्रांशी भांडणे ही सर्व कामे त्याचीच असत. फर्ग्युसन यांनी ती नोव्हेंबर १९८६ पासून केली आणि तेरा वेळा लीग जिंकली. तथापि जाताना त्यांनी मागे ठेवलेल्या विजेत्या संघाकडे जरा निरखून पाहावे. रायन गिग्ज चाळिशीला टेकलेले, फर्डिनंड चौतीस वर्षांचे, एव्हरा बत्तीस, विडिच एकतीस. पॉल स्कोल्स तर त्यांच्याबरोबरच निवृत्त झाले. ज्यांच्या २६ गोलांनी ती शेवटची लीग जिंकून दिली ते रॉबिन व्हान पर्सी तिशीच्या उंबऱ्यावर होते. भाकरी का करपली, घोडा का अडला, पान का सडले, या जुन्या कोड्याचे एकच उत्तर आपण लहानपणी शिकलो: न फिरविल्यामुळे. गंमत अशी की, भाकरी वेळेवर फिरविण्यात फर्ग्युसन यांचा हात धरणारा दुसरा कोणी नव्हता. पंचवीस वर्षांत त्यांनी एकामागून एक संघ मोडले आणि नवे घडविले. शेवटची भाकरी मात्र तव्यावर तशीच राहिली.

त्याच उन्हाळ्यात क्लबाचे मुख्य कार्यकारी अधिकारी डेव्हिड गिल हेही पायउतार झाले. मॉइस यांनी आल्याबरोबर फर्ग्युसन यांचे माइक फेलन, रेने म्यूलेनस्टीन प्रभृती सहकारी बदलले आणि आपली माणसे आणली. म्हणजे घरातील जाणती माणसे सर्वच्या सर्व एका ऋतूत गेली. खरेदीच्या मुदतीच्या अगदी अखेरीस एक खेळाडू, मारुआन फेलेनी, मॉइस यांच्याच जुन्या क्लबाकडून २ कोटी ७५ लाख पौंडांस घेण्यात आला. त्या उन्हाळ्यातील मोठी खरेदी ती एवढीच. शिवाय आणखी एक गोष्ट. ओल्ड ट्रॅफर्डच्या उत्तरेकडील प्रेक्षागारास २०११ साली फर्ग्युसन यांचे नाव देण्यात आले होते. नव्या व्यवस्थापकाचे बाक नेमके त्याच्या समोर. प्रत्येक सामन्यात मान वर केली की पूर्वसूरींचे नाव भल्या मोठ्या अक्षरांत दिसावयाचे, आणि ते स्वतः संचालक या नात्याने प्रेक्षकांत बसलेले असावयाचे.

या साऱ्याचा दोष एकट्या मॉइस यांच्या माथी मारणे आम्हांस मान्य नाही. त्यांची निवड कशी झाली? फर्ग्युसन यांनी त्यांना घरी बोलावून घेतले आणि तुम्हीच पुढले, असे सांगितले, हे मॉइस यांनीच पुढे सांगितले आहे. निवड मंडळाने रीतसर केली असे म्हणता येईल. पण मंडळाने कोणाच्या डोळ्यांनी पाहिले हे उघड आहे. थोर माणूस वारस शोधू लागला म्हणजे त्यास आपलेच तरुणपण शोधण्याचा मोह होतो. मॉइस हेही ग्लासगोचे, कष्टाळू, शिस्तीचे, एव्हर्टनला अकरा वर्षे टिकून राहिलेले. परंतु त्या अकरा वर्षांत त्यांनी एकही मोठा चषक जिंकला नव्हता, आणि जिंकण्याची सवय जडलेल्या वयस्क खेळाडूंना आज्ञा देण्याचा प्रसंगही त्यांच्यावर कधी आला नव्हता. आपला वारस आपण नेमण्याचा अधिकार राजेरजवाड्यांना होता. क्लबाच्या व्यवस्थापकास तो देणे म्हणजे मंडळाने आपले कर्तव्य टाळणे होय, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आश्चर्य हे की, याच घरात हाच धडा एकदा गिरवून झाला होता. सर मॅट बझ्बी १९४५ साली मँचेस्टर युनायटेडमध्ये आले तेव्हा क्लबाचे मैदान बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झालेले होते. त्यांनी संघ उभा केला. ६ फेब्रुवारी १९५८ रोजी म्यूनिकच्या विमान अपघातात आठ खेळाडू गमावले. स्वतः मरणाच्या दारातून परत येऊन दहा वर्षांनी, १९६८च्या मे महिन्यात, युरोपियन चषक जिंकला. अशा पुरुषाने १९६९ साली निवृत्त होताना आपल्या जागी विल्फ मॅकगिनेस यांना बसविले. वय एकतीस. पाय मोडल्यामुळे खेळ लवकर संपलेला, राखीव संघाचा शिक्षक, क्लबावर नितांत प्रेम. हुद्दा सुरुवातीस व्यवस्थापकाचाही नव्हे, मुख्य प्रशिक्षकाचा. कारण बझ्बी जनरल मॅनेजर म्हणून त्याच घरात राहिले होते. ज्यांना आज्ञा द्यावयाच्या त्या खेळाडूंत बॉबी चार्ल्टन होते, आणि दोघांचाही जन्म ऑक्टोबर १९३७चा. काल ज्याच्याबरोबर एका खोलीत बूट बांधले त्याला आज संघातून वगळावयाचे, आणि वगळलेल्याने थेट जुन्या साहेबांच्या दारावर टकटक करावयाची, अशी ती व्यवस्था. संघ तीनदा उपांत्य फेरीपर्यंत पोहोचला आणि तीनदा तेथेच हरला. डिसेंबर १९७० मध्ये मॅकगिनेस यांना काढण्यात आले. त्या ताणाने त्यांच्या डोक्यावरचे केस गळाले असे सांगतात. बझ्बी काही महिने परत आले, मग आणखी दोघे आले, आणि १९७४ साली, युरोप जिंकल्यानंतर अवघ्या सहा वर्षांत, क्लब दुसऱ्या श्रेणीत घसरला. पुढे लीगचे अजिंक्यपद १९९३ पर्यंत त्यास मिळाले नाही. बझ्बींना आपल्या वारसाचे वाईट व्हावे असे स्वप्नातही वाटले नसेल. पण नुसते त्या इमारतीत असणे हाच तेथे अडथळा होता.

त्याच १९७४ सालच्या जुलैत, तेथून फार दूर नसलेल्या लिव्हरपूल शहरी दुसरे एक आसन रिकामे झाले. बिल शँक्ली यांनी दुसऱ्या श्रेणीत पडून असलेला क्लब पंधरा वर्षांत देशाच्या माथ्यावर नेऊन ठेवला होता. त्यांनी एकाएकी राजीनामा दिला. शहर हळहळले. मंडळाने बाहेर शोध न करता शँक्लींचे सहायक बॉब पेस्ली यांना पुढे केले. पेस्ली पंचावन्न वर्षांचे होते, १९३९ पासून क्लबात होते, प्रथम खेळाडू, मग दुखापतींवर उपचार करणारे, मग शिक्षक. त्यांना ही जागा नको होती. मोठी भाषणे तर त्यांना साधतच नसत. या मितभाषी गृहस्थांनी नऊ वर्षांत सहा वेळा लीग आणि तीन वेळा युरोपियन चषक जिंकला.

हे कसे घडले? ॲनफील्ड मैदानाच्या प्रेक्षागाराखाली खेळाडूंचे बूट ठेवण्याची एक लहानशी खोली होती. शँक्लींचे सहकारी पेस्ली, ज्यो फेगन, रूबेन बेनेट, रॉनी मोरान रविवारी सकाळी तेथे जमत आणि आदल्या दिवशीच्या सामन्याची चिरफाड करीत. कोणाचा गुडघा दुखतो, कोण मनातून खचला आहे, कोणता तरुण वर आणावा, सर्व तेथे बोलले जाई. सरावात काय केले याच्या नोंदी वह्यांत ठेवल्या जात. आपल्याकडे ज्यास गायकीचे घराणे म्हणतात तसेच ते एक घराणे होते: गुरू मैफलीत नसला तरी चीज विसरली जात नाही. १९८३ साली पेस्ली गेले आणि बासष्ट वर्षांचे फेगन आले. पहिल्याच हंगामात त्यांनी लीग, लीग चषक आणि युरोपियन चषक हे तिन्ही जिंकले. १९८५ साली खेळाडू असलेल्या केनी डॅलग्लिश यांच्याकडे सूत्रे आली तेव्हा पेस्लींनाच सल्लागार म्हणून त्यांच्याजवळ ठेवण्यात आले, आणि तेथे काही बिघडले नाही. तेव्हा जुना माणूस जवळ असणे सर्वकाळ घातक, असाही नियम करता येत नाही. तो कशासाठी जवळ आहे हे सर्वांना ठाऊक असले म्हणजे पुरते.

या यशाची एक बाजू मात्र सांगताना जीभ अडखळते. निवृत्त झाल्यावर शँक्लींना घरी करमेना. ते सरावाच्या मैदानावर येऊ लागले. खेळाडू सवयीने त्यांनाच साहेब म्हणत आणि पेस्ली शेजारी अवघडून उभे राहत. अखेर त्यांनी येऊ नये हे त्यांना जाणविण्यात आले. ज्याने ते मैदान घडविले त्यास शेजारच्या प्रतिस्पर्धी एव्हर्टन क्लबाच्या सरावास जाऊन जीव रमवावा लागला. १९८१ साली ते वारले. पेस्लींचा मार्ग मोकळा करणे आवश्यक होते याविषयी आम्हांस शंका नाही; पण शँक्लींसाठी एखादी मानाची, निश्चित कामाची जागा काढणे मंडळास इतके जड का जावे, हे कळत नाही. मँचेस्टरला जुन्या माणसाला फार ठेवून घेतले, लिव्हरपूलला फार दूर केले.

आणि घराणी आटतातही. १९९० नंतर लिव्हरपूलला लीग जिंकण्यासाठी २०२० पर्यंत थांबावे लागले. ती बुटांची खोली १९९३ साली पाडण्यात आली, आणि तीही कशासाठी, तर वार्ताहरांच्या बैठकीसाठी जागा हवी म्हणून. आमच्या व्यवसायबंधूंची ही सोय क्लबास महागात पडली असे म्हणण्याचा मोह होतो, तो आवरतो.

निवृत्तीची घोषणा केव्हा करावी याबद्दलही मतभेद आहेत. २००२ च्या उन्हाळ्यात आपण जाणार असे फर्ग्युसन यांनी आधीच सांगून ठेवले, तेव्हा संघ ढिला पडला. फेब्रुवारी २००२ मध्ये त्यांनी विचार बदलला तरी त्या वर्षी तिसऱ्या स्थानावरच समाधान मानावे लागले. २०१३ साली त्यांनी गुप्तता पाळली ती त्या अनुभवामुळे. युर्गेन क्लॉप यांनी दुसरी वाट धरली. मालकांना नोव्हेंबर २०२३ मध्ये आणि जगाला २६ जानेवारी २०२४ रोजी त्यांनी आपला निर्णय सांगितला. लिव्हरपूलने लीग चषक जिंकला, मग पाय जड झाले, आणि तेही तिसरेच आले. पण मालकांच्या हाती सहा महिने होते. त्यांनी मायकेल एडवर्ड्स या जुन्या जाणत्या अधिकाऱ्यास परत बोलाविले, रिचर्ड ह्यूज यांस क्रीडासंचालक नेमले, आणि मग फेयेनूर्डचे आर्ने स्लॉट यांची निवड केली. स्लॉट यांनीही मॉइस यांच्याप्रमाणे पहिल्या उन्हाळ्यात जवळजवळ काहीच खरेदी केली नाही. क्लॉप यांचे प्रमुख सहायकही गेलेच होते. तरी २७ एप्रिल २०२५ रोजी त्यांनी लीग जिंकली, कारण हाती आलेला संघ आधीच्या वर्षी नव्याने बांधलेला होता. क्लॉप यांनी शेवटच्या सामन्यानंतर मैदानावर उभे राहून येणाऱ्या माणसाच्या नावाचा गजर करविला आणि ते निघून गेले. पुढल्या हंगामात, २०२५ च्या शरदात, स्लॉट यांच्या संघाची पराभवांची रांग लागली, हेही नमूद केले पाहिजे. हस्तांतर निर्विघ्न झाले म्हणजे पुढचे सर्व ऋतू सुखाचे जातील अशी हमी कोणी देत नाही.

या प्रकाराची एक यांत्रिक आवृत्ती मुंबईकरांनी जवळून पाहिली आहे. मँचेस्टर सिटीच्या मालकसमूहाने २०१९ साली मुंबई सिटी क्लबात बहुसंख्य हिस्सा घेतला होता. सर्जिओ लोबेरा यांनी २०२०-२१ मध्ये ढाल व चषक दोन्ही जिंकले आणि ते गेले, तेव्हा त्याच समूहाच्या मेलबर्न येथील क्लबातून डेस बकिंगहॅम आले. त्यांनी २०२२-२३ची ढाल जिंकली. ते ऐन हंगामात इंग्लंडास गेले, तेव्हा मेलबर्नहूनच पेट्र क्रॅट्की आले आणि त्यांनी ४ मे २०२४ रोजी कोलकात्यात मोहन बागानला ३-१ असे हरवून चषक आणला. फळीवर पुढचा माणूस तयार होता, इतकेच. यात शँक्लींसारखा जिव्हाळा नाही अशी तक्रार आमच्या कानी येते, आणि ती खरीही आहे. पण मॅकगिनेस यांच्यासारखा एक तरुण पोळून निघण्यापेक्षा ही रुक्ष फळी आम्ही पसंत करू.

ओल्ड ट्रॅफर्डवर अशी फळी फार काळ नव्हती. मॉइस यांच्यामागून व्हान हाल, मोरिन्यो, सोल्शार, टेन हाग असे एकाहून एक भिन्न प्रकृतीचे पुरुष आले; प्रत्येकाने आधीच्याचे खेळाडू मोडीत काढून नवे मागविले, आणि प्रत्येक वेळी शोध पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. नोव्हेंबर २०२४ मध्ये रुबेन अमोरिम आले ते फर्ग्युसननंतरचे सहावे कायम व्यवस्थापक. मॉइस यांचा पहिला करार पुरा झाला असता तर तो २०१९ पर्यंत चालला असता.