परदेशी विद्यापीठातील नावनोंदणी आणि शैक्षणिक साहाय्य : मुंबई उपनगरांतील विद्यार्थ्यांच्या संदर्भात

प्रस्तावना

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या उपनगरांतील महाविद्यालयांतून पदवी घेऊन उच्चशिक्षणासाठी परदेशी जाणारा विद्यार्थी आता अपवादात्मक राहिलेला नाही. इन्स्टिट्यूट ऑफ इंटरनॅशनल एज्युकेशन या संस्थेच्या ‘ओपन डोअर्स’ अहवालानुसार २०२३-२४ या शैक्षणिक वर्षात एकट्या अमेरिकेत ३,३१,६०२ भारतीय विद्यार्थी शिकत होते आणि त्या वर्षी भारताने या बाबतीत चीनलाही मागे टाकले. या विद्यार्थ्यांत घरातील पहिलाच पदवीधर असणारे, कर्ज काढून जाणारे आणि शालेय शिक्षण मराठी माध्यमातून घेतलेले विद्यार्थीही असतात.

अशा विद्यार्थ्याला व्हिसा मिळेपर्यंत मार्गदर्शन करणारी केंद्रे उपनगरांत ठिकठिकाणी आढळतात. मात्र विमानतळावर निरोप दिल्यानंतरच्या पहिल्या सत्रात नेमके काय करावयाचे असते, याविषयी त्याला क्वचितच सांगितले जाते. परदेशी विद्यापीठातील नावनोंदणी कशी होते, तेथे कोणते शैक्षणिक साहाय्य उपलब्ध असते आणि ते वेळीच मागणे का आवश्यक आहे, हे स्पष्ट करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

१. दोन ऐतिहासिक उदाहरणे

कल्याणच्या आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये अमेरिकेस गेल्या आणि फिलाडेल्फिया येथील वूमन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनिया या संस्थेतून १८८६ मध्ये वैद्यकीय पदवी संपादन केली. न्यू जर्सीतील रोझेल गावच्या श्रीमती कार्पेंटर यांनी त्यांना आपल्या घरी ठेवून घेतले, तर महाविद्यालयाच्या अधिष्ठात्या रेचेल बॉडली यांचा त्यांना आधार मिळाला.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. तेथून १९१६ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये जाताना त्यांचे प्राध्यापक एडविन सेलिग्मन यांनी लंडनमधील प्रा. हर्बर्ट फॉक्सवेल यांना त्यांच्याविषयी पत्र लिहिले. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये त्यांना अभ्यास अर्धवट सोडून परतावे लागले. परंतु लंडन विद्यापीठाने चार वर्षांपर्यंतची सवलत दिल्यामुळे त्यांची नोंदणी बाद झाली नाही. १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. १९२३ मध्ये सादर केलेला त्यांचा डी.एस्सी.चा प्रबंध प्रथम स्वीकारला गेला नाही. तो पुन्हा सादर केल्यावर त्याच वर्षी मान्य झाला.

या दोन्ही उदाहरणांत विद्वत्ता आणि जिद्द निर्विवाद आहे. परंतु ओळखपत्र, निवारा, रजेची परवानगी आणि प्रबंध पुन्हा सादर करण्याची संधी या गोष्टीही तितक्याच निर्णायक ठरल्या, हे विसरता येत नाही. त्या काळी यांतील बरेचसे साहाय्य एखाद्या सहृदय व्यक्तीवर अवलंबून असे. आज त्याला कार्यालयांचे आणि नियमांचे रूप आले आहे.

२. प्रवेश आणि नावनोंदणी यांतील भेद

आपल्याकडे महाविद्यालयात शुल्क भरले की प्रवेश पूर्ण झाला, असे मानले जाते. परदेशी विद्यापीठात प्रवेशपत्र मिळणे ही पहिली पायरी असून नावनोंदणी ही स्वतंत्र प्रक्रिया आहे.

अर्जाच्या टप्प्यावर विद्यार्थ्याला गुणपत्रिकांबरोबरच विद्यापीठाने प्रमाणित केलेली ट्रान्स्क्रिप्ट आणि अनेकदा अभ्यासक्रमाचा तपशील द्यावा लागतो. मुंबई विद्यापीठाच्या तीन वर्षांच्या पदवीसंबंधीही प्रत्येक देशाचे धोरण निराळे आहे. ब्रिटनमध्ये पदवीच तीन वर्षांची असल्याने तेथे अडचण येत नाही. अमेरिकेतील काही विद्यापीठे ही पदवी पदव्युत्तर प्रवेशासाठी पुरेशी मानतात, काही मानत नाहीत. म्हणून अर्जाचे शुल्क भरण्यापूर्वीच संबंधित विभागाला याविषयी लेखी विचारणा करणे श्रेयस्कर. जर्मनीच्या विद्यार्थी व्हिसासाठी नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय अर्जदारांना एपीएस प्रमाणपत्र अनिवार्य झाले आहे.

तेथे पोहोचल्यावर मूळ कागदपत्रांची पडताळणी, आरोग्यविमा, विषयांची निवड आणि विषयनोंदणी ही कामे ठरावीक मुदतीत पूर्ण करावी लागतात. अमेरिकेत अभ्यासक्रम सुरू झाल्यापासून ३० दिवसांच्या आत विद्यापीठाला परदेशी विद्यार्थ्याची नोंद ‘सेविस’ या शासकीय प्रणालीत करावी लागते. ब्रिटनमध्ये विद्यार्थी हजर झाला नाही किंवा त्याने अभ्यासात सहभाग घेतला नाही, तर विद्यापीठाला ते शासनास कळवावे लागते. जर्मनीत आरोग्यविम्याची पूर्तता आणि सत्रशुल्काचा भरणा झाल्याशिवाय नावनोंदणी होत नाही. थोडक्यात, परदेशी विद्यार्थ्याच्या बाबतीत नावनोंदणी ही शैक्षणिक बाब असतेच, शिवाय त्या देशातील त्याच्या कायदेशीर वास्तव्याचा तो आधार असतो.

३. अध्ययनपद्धतीतील अंतर

उपनगरांतील मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याने अकरावीत एक स्थित्यंतर अनुभवलेले असते. विज्ञान वा वाणिज्य शाखेची परिभाषा एकाएकी इंग्रजीत समोर येते. बहुतेक जण शिकवणी, मित्रांच्या वह्या आणि पाठांतर यांच्या बळावर ते पार करतात. यातून ‘अडचण आपली आपणच सोडवायची असते’ असा संस्कार नकळत रुजतो. परदेशात नेमका हाच संस्कार आड येतो.

तेथील मूल्यमापन सत्रभर चालते. साप्ताहिक वाचन, वर्गातील चर्चा, निबंध, प्रकल्प या प्रत्येकाला गुण असतात आणि कशाला किती, हे पहिल्याच आठवड्यात दिल्या जाणाऱ्या अभ्यासक्रमपत्रिकेत नमूद केलेले असते. सत्राअखेरीस रात्री जागून केलेल्या अभ्यासाने मागची भरपाई होत नाही. दुसरा मोठा फरक संदर्भ देण्याच्या शिस्तीचा आहे. पुस्तकातील मजकूर उत्तरपत्रिकेत जसाच्या तसा उतरवणे आपल्या परीक्षापद्धतीत बऱ्याचदा गुणवत्तेचे लक्षण ठरते. तेथे स्रोत न देता तसे करणे हे वाङ्मयचौर्य मानले जाते आणि त्याची चौकशी होऊ शकते. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांविषयीचे नियमही विषयागणिक बदलतात. म्हणून ते प्रत्येक प्राध्यापकाकडून जाणून घेणे आवश्यक ठरते.

४. साहाय्याच्या उपलब्ध व्यवस्था

बहुतेक विद्यापीठांत पुढील व्यवस्था असतात आणि त्यांचा खर्च सामान्यतः शुल्कातच अंतर्भूत असतो.

अ) शैक्षणिक सल्लागार : विषयांची निवड व क्रेडिटचा भार यांविषयी मार्गदर्शन करतो. ब्रिटनमध्ये हे काम बऱ्याच ठिकाणी ‘पर्सनल ट्यूटर’कडे असते.

आ) प्राध्यापकांच्या भेटीच्या वेळा : प्रत्येक प्राध्यापक आठवड्यातील ठरावीक वेळ विद्यार्थ्यांसाठी राखून ठेवतो. या वेळेत जाणे म्हणजे सरांना त्रास देणे नव्हे. तो वेळ विद्यार्थ्यांसाठीच असतो.

इ) लेखन केंद्र : निबंधाची मांडणी, युक्तिवाद आणि संदर्भपद्धती यांविषयी चर्चा करते. लेखन दुरुस्त करून देणे हे त्याचे काम नसते. विद्यार्थ्याला स्वतः दुरुस्ती करता यावी, हा हेतू असतो.

ई) विषय-ग्रंथपाल : संदर्भसाहित्य कसे शोधावे, याचे प्रशिक्षण देतो.

उ) आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालय : व्हिसा, वास्तव्य आणि अभ्यासभार यांच्याशी संबंधित नियमांची अधिकृत माहिती देते.

ऊ) समुपदेशन व अपंगत्व साहाय्य केंद्र : मानसिक ताण, अध्ययन अक्षमता वा आजारपण असल्यास परीक्षेत सवलत मिळवून देऊ शकते.

५. मदत वेळेवर मागण्याचे महत्त्व

हा मुद्दा अमेरिकेतील एका नियमावरून स्पष्ट होतो. एफ-१ व्हिसावरील पदवीपूर्व विद्यार्थ्याने प्रत्येक सत्रात किमान १२ क्रेडिटचा पूर्ण भार घ्यावा लागतो. पदव्युत्तर स्तरावरील भार विद्यापीठ ठरवते. एखादा विषय झेपत नाही म्हणून विद्यार्थ्याने तो परस्पर सोडून दिला आणि भार कमी झाला, तर त्याचा कायदेशीर दर्जाच धोक्यात येतो. वर्गमित्राचा सल्ला वा समाजमाध्यमावरील माहिती येथे उपयोगी पडत नाही.

परंतु याच नियमात एक तरतूद आहे. सुरुवातीच्या काळातील इंग्रजी भाषेची वा वाचनाची अडचण, अमेरिकन अध्यापनपद्धतीचा अपरिचय आणि चुकीच्या पातळीच्या वर्गात झालेली निवड ही भार कमी करण्याची मान्य कारणे आहेत. मात्र किमान ६ क्रेडिट किंवा निम्मा भार कायम ठेवावा लागतो, पुढील सत्रात पूर्ण भार घ्यावा लागतो आणि त्या शैक्षणिक स्तरावर ही सवलत एकदाच मिळते. सर्वांत महत्त्वाची अट अशी की, विद्यापीठातील नियुक्त अधिकाऱ्याची परवानगी विषय सोडण्यापूर्वी घ्यावी लागते.

नवख्या विद्यार्थ्याला अडचण येणारच, हे कायद्याने गृहीत धरले आहे. म्हणून अडचण असणे हा दोष ठरत नाही. ती न सांगता निर्णय घेणे मात्र महागात पडते. ज्याच्या शिक्षणासाठी घर तारण ठेवले आहे, अशा विद्यार्थ्याला संकोचाची ही किंमत परवडणारी नाही.

६. उपनगरांतील महाविद्यालयांची भूमिका

या संदर्भात आपल्या महाविद्यालयांना फारसा खर्च न करता काही गोष्टी करता येतील. अभ्यासक्रमाच्या जुन्या प्रती जतन करून त्या माजी विद्यार्थ्यांना त्वरित उपलब्ध करून द्याव्यात. शिफारसपत्राचा मसुदा विद्यार्थ्यावर न सोपवता प्राध्यापकाने तो स्वतः लिहावा, कारण त्या पत्रावरूनच तेथील विभागाला विद्यार्थ्याच्या क्षमतेबरोबर त्याच्या गरजाही समजतात. पदवीच्या शेवटच्या वर्षी संदर्भ देण्याची पद्धत आणि दीर्घ निबंधलेखन यांचा सराव द्यावा. परदेशी जाणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी दरवर्षी जून-जुलैमध्ये एखादे सत्र ठेवून माजी विद्यार्थ्यांशी त्यांचा संवाद घडवावा. राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती व केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती यांची माहितीही पदवीच्या पहिल्या वर्षापासून दिली, तर पात्र विद्यार्थ्याला तयारीस अवधी मिळेल.

समारोप

परदेशी शिक्षणाची चर्चा आपल्याकडे प्रवेश, शुल्क आणि व्हिसा या तीन शब्दांत संपते. प्रत्यक्षात विद्यार्थ्याची खरी कसोटी त्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत लागते. या काळात सल्लागाराची भेट, प्राध्यापकांच्या राखीव वेळेतील एखादी फेरी आणि आंतरराष्ट्रीय कार्यालयातील चौकशी या तीन गोष्टी त्याने नावनोंदणीचाच भाग मानाव्यात. आनंदीबाई आणि बाबासाहेब यांना व्यक्तींच्या सद्भावामुळे जे लाभले, त्यातील बरेच काही आज विद्यार्थ्याला हक्क म्हणून उपलब्ध आहे. तो हक्क मागण्याची सवय लावणे, हे मात्र त्याने मुंबई सोडण्यापूर्वी आपल्या वर्गांतच घडावयास हवे.