पियानोची रिकामी जागा : एरिक डॉल्फी यांची ‘आउट टू लंच!’

अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात, एंगलवुड क्लिफ्स येथे, ध्वनिमुद्रक रूडी व्हॅन गेल्डर यांच्या उंच लाकडी छताच्या स्टुडिओत एरिक डॉल्फी आणि त्यांच्या चार सहवादकांनी २५ फेब्रुवारी १९६४ या एका दिवसात ‘आउट टू लंच!’ ही ध्वनिमुद्रिका पूर्ण केली. ब्लू नोट या कंपनीची, म्हणजे मुख्यतः निर्माते आल्फ्रेड लायन यांची, मुद्रणाआधीच्या तालमींचेही मानधन देण्याची रीत होती, आणि इतक्या अवघड रचना एका दिवसात कशा साधल्या याचे बरेचसे उत्तर तिच्यात सापडते. व्हॅन गेल्डर वेगवेगळ्या माइकांतून येणारे आवाज वादन चालू असतानाच दोन मार्गिकांच्या फितीवर एकत्र करीत असल्यामुळे, एखादे वाद्य मागाहून पुढे आणण्याची किंवा मागे सारण्याची सोय जवळजवळ नव्हतीच. म्हणून वाद्यांचा परस्परतोल वादकांना जागच्या जागी, एकमेकांकडे कान देऊनच राखावा लागला.

रूढ जॅझमध्ये आधी ठरलेली धून, मग तिच्या स्वरसंघांच्या आधारे एकेकाचे उत्स्फूर्त वादन आणि शेवटी पुन्हा धून असा क्रम असतो. त्यात पियानो स्वरसंघांची जमीन अंथरतो, बास हे मोठे तंतुवाद्य दर मात्रेला एक स्वर देत चालते आणि ड्रमवादक झांजेवर अखंड ठेका धरतो. ‘अवाँ-गार्द’ म्हणजे प्रचलित चौकटीपुढे जाऊ पाहणाऱ्या जॅझने यांपैकी एकेक आधार तपासून पाहिला. डॉल्फींनी या मुद्रिकेपुरता पियानो काढून तेथे बॉबी हचरसन यांचे व्हायब्राफोन ठेवले. हे धातूच्या पट्ट्यांचे, मुलायम डोक्याच्या काठ्यांनी वाजवायचे वाद्य असून त्याच्या पायपट्टीने नाद लांबवता किंवा तोडता येतो. हचरसन बहुतेक वेळा जमीन अंथरीतच नाहीत; एखादा स्वरपुंज टाकतात, तो हवेत विरू देतात किंवा मध्येच तोडतात, आणि त्यामुळे जी पोकळी उरते ती या मुद्रिकेची खरी संपत्ती आहे.

‘हॅट अँड बिअर्ड’ ही पहिली रचना, जिचे नाव पियानोवादक थेलोनिअस मंक यांची टोपी आणि दाढी सुचवते, या दृष्टीने पुन्हा पुन्हा ऐकण्याजोगी आहे. पाच आणि चार अशा विभागणीचे नऊ मात्रांचे आवर्तन प्रथम जड पावलांच्या आकृतीतून ऐकणाऱ्याच्या अंगी भिनवले जाते. ते एकदा भिनले की अवघे १८ वर्षांचे ड्रमवादक टोनी विल्यम्स ते उघडपणे मोजण्याचे सोडून देतात आणि झांज, छोटा ड्रम व शांतता यांची तुकड्यातुकड्यांनी अशी मांडणी करतात, की मात्रा ऐकू न येताही जाणवत राहते. रिचर्ड डेव्हिस यांचा बासही कधी मूळ आकृतीकडे परततो, कधी तिच्यापासून दूर जाऊन स्वतःचेच काही सांगू लागतो. लय राखण्याचे काम येथे कोणा एकाकडे नाही, ते पाचही जणांत वाटलेले आहे, आणि अशी वाटणी साधण्यास उत्स्फूर्ततेइतकीच तालीम लागते. या संगीताला बेशिस्त म्हणणाऱ्यांनी निदान ही एक रचना मात्रा मोजत ऐकायला हवी.

डॉल्फींचे बास क्लॅरिनेट, म्हणजे नेहमीच्या क्लॅरिनेटहून लांब आणि खर्जाचे सुषिर वाद्य, तळाच्या घोगऱ्या स्वरावरून एका उडीत किंकाळीपर्यंत जाते आणि तितक्याच सहज खाली येते. पक्ष्यांच्या आवाजात पाश्चात्त्य सप्तकाच्या स्वरांमधले स्वर असतात व भारतीय संगीतातही त्याच जातीचे काही आढळते, असे त्यांनी १९६२ मध्ये ‘डाउन बीट’ या मासिकातील मुलाखतीत मांडले होते. जॉन कोल्ट्रेन यांच्या ‘इंडिया’ या रचनेच्या १९६१ मधील मुद्रणांतही ते सहभागी होते. मींड आणि श्रुती यांवर वाढलेल्या कानाला त्यांचे वाकडे वाटणारे स्वर म्हणूनच फारसे परके वाटू नयेत. फ्रेडी हबर्ड यांचा ट्रम्पेट त्या मानाने सरळ, तेजस्वी आहे, आणि त्या सरळपणामुळेच डॉल्फींची वळणे स्पष्ट उमटतात.

‘समथिंग स्वीट, समथिंग टेंडर’ मध्ये डेव्हिस गज हाती घेतात आणि बास व बास क्लॅरिनेट एकाच धुनेवर असे जुळतात, की लाकूड कोणते आणि श्वास कोणता हे क्षणभर ओळखू येत नाही. साऱ्या मुद्रिकेतील सर्वांत कोमल जागा हीच. ‘गॅझेलोनी’ ही इटालियन बासरीवादक सेव्हेरिनो गॅझेलोनी यांच्या नावाची रचना डॉल्फी बासरीवर वाजवतात. शीर्षकरचना आणि ‘स्ट्रेट अप अँड डाउन’ या दोन रचनांनी दुसरी बाजू भरली आहे.

मुद्रिकेच्या वेष्टनावर दुकानाच्या दारातील, मालक केव्हा परतेल हे दाखवणारी पाटी आहे; तिच्यावरील घड्याळाला सात काटे असल्याने परतण्याची वेळ काही कळत नाही. मुद्रण झाल्यावर डॉल्फी चार्ल्स मिंगस यांच्या वाद्यवृंदाबरोबर युरोपला गेले, दौरा संपल्यावर तिकडेच राहिले आणि २९ जून १९६४ रोजी, वयाच्या ३६ व्या वर्षी, मधुमेहामुळे आलेल्या बेशुद्धीत बर्लिन येथे मरण पावले. मुद्रिका बाजारात आली ती त्यानंतर.