पहिली सायकल घेताना टायर पाहा

तेल्हाऱ्याला शाळेत येणारी सायकल डांबरी रस्त्यावर चालते, तशीच शेताकडच्या मुरमाच्या पांदणीतही. एकाच सायकलीने दोन्ही भागवायचे असेल, तर गिअर मोजण्याआधी टायर पाहावा.

टायर जमिनीला टेकतो ते क्षेत्रफळ ढोबळमानाने भार भागिले हवेचा दाब इतके असते. समजा, मागच्या चाकावर ४५ किलो भार आहे. दाब दर चौरस सेंटिमीटरला ५ किलो असेल, तर क्षेत्रफळ ९ चौरस सेंटिमीटर. दाब ३ किलो केला, की १५. सुट्या मुरमावर पकड वाढते, धक्केही कमी बसतात. पण अरुंद टायरमधली हवा कमी केली, तर खड्ड्यात रिम आपटून ट्यूब फाटते. म्हणून साधारण ४० मिलिमीटर रुंदीचा टायर बरा. जुन्या काळ्या सायकलीचा दीड इंची टायर जवळपास याच मापाचा!

पावसाळ्यात काळी माती मडगार्डखाली भरून चाक अडते. तिथे बोटभर फट हवीच.

वर्गात करून पाहा: टायरला शाई लावून, मुलाला सायकलवर बसवून, चाक आलेख-कागदावर टेकवा. ठशातले चौकोन मोजा. थोडी हवा सोडून पुन्हा मोजा. काय आढळले?