थोरांचीं चरित्रें कशीं वाचावीं?

आमच्या घरीं रात्रीचीं जेवणें आटोपलीं कीं अर्धा तास मोठ्यानें पुस्तक वाचण्याची चाल आहे. मध्यंतरीं धोंडो केशव कर्वे यांचें १९१५ सालीं प्रसिद्ध झालेलें 'आत्मवृत्त' चाललें होतें. वाचीत होते काका. सतरा वर्षांचा मुलगा १८७५ सालीं परीक्षेसाठीं मुरुडाहून निघतो, सह्याद्रीचा घाट ओलांडून शंभर मैलांहून अधिक वाट चार दिवसांत पायीं तुडवीत सातारा गांठतो, आणि तेथें 'हा वयानें लहान दिसतो' म्हणून त्याला परीक्षेस बसूं देत नाहींत! मुलें श्वास रोखून ऐकत होतीं. पुढें विधवाविवाह, आश्रम, वर्गणी हीं प्रकरणें आलीं. तेव्हां इतका वेळ वाती वळीत बसलेल्या काकू एकदम म्हणाल्या, "हें सारें चाललें असतां घर कोण चालवीत होतें?" काकांनीं पुस्तक मिटलें. उत्तर त्यांच्यापाशीं नव्हतें.

तें उत्तर दुसऱ्या एका पुस्तकांत आहे. आनंदीबाई कर्वे यांचें 'माझे पुराण' १९४४ सालीं प्रसिद्ध झालें. बालपणींच वैधव्य आलेल्या या बाई पंडिता रमाबाईंच्या शारदासदनांत शिकल्या व १८९३ सालीं त्यांनीं कर्वे यांच्याशीं पुनर्विवाह केला. मुरुडकरांनीं जो बहिष्कार घातला, तो एकट्या कर्व्यांवर नव्हता. तो या सुनेनेंही भोगला. आपली शिल्लक आणि शक्ति संस्थेला वाहून टाकणाऱ्या पुरुषाचा संसार करणें म्हणजे काय, हें त्यांनीं मोठ्या मोकळेपणानें सांगितलें आहे. एका पुस्तकांत कार्य उभें राहतें. दुसऱ्यांत त्या कार्याची किंमत कोणीं व कशी मोजली, तें कळतें. दोन्ही वाचल्यावांचून हिशेब पुरा होत नाहीं.

न्यायमूर्ति रानडे यांच्याविषयींही असेंच म्हणतां येईल. त्यांचे ग्रंथ व भाषणें वाचून त्यांच्या बुद्धीची ओळख होते. परंतु माणूस भेटतो तो रमाबाईंच्या 'आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी' या १९१० सालच्या पुस्तकांत. त्यांतील आंब्यांची गोष्ट पुष्कळांस ठाऊक असेल. पत्नीनें प्रेमानें चिरून दिलेल्या आंब्याच्या दोन-चार फोडी खाऊन रानडे थांबतात. तिला वाटतें, आंबा आवडला नाहीं. मग उलगडा होतो कीं, जिभेला आवर घालण्याचा हा त्यांचा गाजावाजा न करितां चाललेला अभ्यास आहे. संयमावरील दहा व्याख्यानांनीं जें साधणार नाहीं, तें त्या फोडींनीं साधतें.

परंतु याच पुस्तकाच्या मुळाशीं एक अवघड गोष्टही आहे. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या रानड्यांनीं प्रथम पत्नीच्या निधनानंतर, १८७३ सालीं, वडिलांच्या आग्रहापुढें मान तुकवून अकरा वर्षांच्या मुलीशीं लग्न केलें. तेव्हां त्यांचें वय एकतीस होतें. त्या मुलीला त्यांनीं लागलींच अक्षरओळख करून देण्यास आरंभ केला, हें खरें. पण तिच्या शिक्षणाबद्दल घरांतील वडील बायकांचा जो रोष झाला, तो दिवसभर तिनें एकटीनें सोसला. उलट उत्तर देऊं नये, सहन करावें, अशी पतीची शिकवण होती. एकत्र कुटुंबांत नांदलेल्या स्त्रीला या ओळींचा अर्थ कोणी समजावून सांगावा लागत नाहीं! पुढें पुण्याच्या सेवासदनाची धुरा वाहणाऱ्या रमाबाई याच माजघरांत घडल्या.

कित्येक वडील माणसांस असें वाटतें कीं, मुलांसमोर थोरांच्या उणिवा वाचूं नयेत. त्यानें आदर कमी होतो. आमचा अनुभव उलट आहे. केवळ स्तुतीनें भरलेलें चरित्र मुलें देवाच्या तसबिरीप्रमाणें भिंतीवर टांगून मोकळीं होतात. देवासारखें आपल्याला वागतां यावयाचें नाहीं, अशी त्यांची खात्रीच असते! मात्र वडिलांच्या धाकापुढें नमलेला आणि तरीही आयुष्यभर सुधारणेसाठीं झटलेला माणूस त्यांना आपल्यांतला वाटतो. दोष दाखविणें ही निंदा नव्हे; दोष लपविणें हा मात्र चरित्रनायकावर आणि त्याच्या घरच्यांवरही अन्याय आहे.

अर्थात् आठवणींनाही मर्यादा असतात. रमाबाईंचें पुस्तक पतीच्या निधनानंतर, भक्तीनें भरलेल्या मनानें लिहिलेलें आहे. आत्मचरित्रकार तर स्वतःच साक्षीदार आणि स्वतःच न्यायाधीश असतो. म्हणून एका पुस्तकावर भागवूं नये. त्याच घरांतील दुसऱ्या माणसानें कांहीं लिहिलें असल्यास तें शोधून शेजारीं ठेवावें. आणि तसें नसेल, तर निदान काकूंचा प्रश्न तरी मनांत जागा ठेवावा.

दुसऱ्या दिवशीं काका ग्रंथालयांतून 'माझे पुराण' घेऊन आले. रात्रीं सारीं जमल्यावर त्यांनीं तें उघडलें, क्षणभर थांबले, आणि पुस्तक काकूंच्या हातीं देऊन म्हणाले, "हें तूं वाच." त्या रात्रीं वातींचें तबक बाजूला राहिलें. काकू अडखळत वाचीत होत्या, काका ऐकत होते. आणि अर्ध्या तासाचा दीड तास केव्हां झाला, तें कोणालाच कळलें नाहीं.