जुनी गाडी, नवा मालक (लेखांक ५) : पैसे हातात पडेपर्यंत

गाडी कशी तपासायची आणि भाव कसा ठरवायचा, हे गेल्या आठवड्यात पाहिलं. भाव जमला की दोघंही निर्धास्त होतात, आणि फसवणूक नेमकी इथून पुढे होते. मध्ये डीलर नसला तर विकणाऱ्याला पैसे बुडण्याची धास्ती आणि घेणाऱ्याला कागद अडकण्याची. माझं मत ठाम आहे: रक्कम दोन लाखांच्या वर असेल तर आरटीजीएस करा, आणि तेही दोघांनी समोरासमोर बसून, शक्यतो विकणाऱ्याच्या बँकेत.

‘थोडं कमी करतो, पण रोख द्या’ असं अजूनही सर्रास म्हटलं जातं. एका व्यवहारापोटी दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला प्राप्तिकर कायद्याने १ एप्रिल २०१७ पासून मनाई आहे. तीच रक्कम तुकडे पाडून वेगवेगळ्या दिवशी घेतली तरी पळवाट मिळत नाही. दंड बसतो तो रोख घेणाऱ्याला, म्हणजे विकणाऱ्याला, आणि तो घेतलेल्या रकमेएवढा असू शकतो.

बयाण्यासाठी यूपीआय सोयीचं आहे. एका व्यक्तीकडून दुसऱ्या व्यक्तीला साधारणपणे दिवसाला एक लाखापर्यंत रक्कम पाठवता येते. पण पैसे घेताना पिन कधीच टाकावा लागत नाही. ‘मी लष्करात आहे, बदली झालीय, क्यूआर पाठवतो, स्कॅन केलात की टोकन तुमच्या खात्यात येईल’ असं सांगणारा भामटा असतो. गाडी न पाहताच बयाणा द्यायला निघालेल्या ग्राहकाचाही संशय घ्यावा.

चेक घेऊन चावी देऊ नका. चेक वटला नाही तर निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्टच्या कलम १३८ खाली खटला भरता येतो, पण तोवर गाडी कुठे असेल कोण जाणे! डिमांड ड्राफ्ट लोकांना रोखीइतका पक्का वाटतो, मात्र बनावट ड्राफ्टही निघतात. घ्यायचाच असेल तर ज्या शाखेने काढला तिथे स्वतः जाऊन खात्री करा. ड्राफ्टवरच्या फोन नंबरवर विसंबू नका.

आता आरटीजीएस. किमान रक्कम दोन लाख, आणि १४ डिसेंबर २०२० पासून ही सेवा चोवीस तास चालू असते. घेणाऱ्याने पैसे सोडण्याआधी खातेदाराचं नाव पाहावं; ते आरसीवरच्या नावाशी जुळलंच पाहिजे. ‘मेहुण्याच्या खात्यावर टाका’ म्हटलं की थांबावं. विकणाऱ्याने समोरच्याच्या मोबाइलवरचा स्क्रीनशॉट किंवा आलेला मेसेज प्रमाण मानू नये. आपलं अ‍ॅप उघडून शिल्लक वाढल्याचं पाहावं, आणि मगच मालकी बदलाच्या फॉर्म २९ व ३० वर सह्या कराव्यात.

गाडीवर कर्जाचा बोजा असेल तर जास्त जपावं लागतं. समजा, साडेचार लाखांना सौदा ठरला आणि सव्वा लाखाचं कर्ज बाकी आहे. बँकेकडून कर्ज बंद करण्याच्या रकमेचं पत्र आणवून घ्या आणि सव्वा लाख थेट कर्जखात्यात भरा. उरलेल्यातले काही पैसे बँकेची एनओसी आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ हाती येईपर्यंत राखून ठेवा, आणि ही अट आधीच लेखी करा. बोजा आहे की नाही, हे एमपरिवहन अ‍ॅपवर आरसीच्या तपशिलात दिसतं.

पैसे मिळाले म्हणून विकणारा सुटत नाही. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की गाडी विकली तरी आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव आहे तोच अपघाताच्या भरपाईला जबाबदार. म्हणून चावी देताना तारीख आणि वेळ घालून दोघांच्या सह्यांची पावती करा, आणि गाडी राज्यातच राहणार असेल तर चौदा दिवसांच्या आत आरटीओला विक्री कळवा. फसवणूक झालीच तर लाज न बाळगता ताबडतोब १९३० वर फोन करा. तक्रार जितकी लवकर, तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त.

पुढच्या आठवड्यात: विमा नव्या मालकाच्या नावावर कसा करायचा.