चार कोपरे, चार साखळ्या

ऑक्टोबरची दुपार. शेलूबाजारच्या बाहेर, कारंजा रस्त्यालगतच्या मुरमाड जागेवर लो-बेड ट्रेलर उभा आहे. मागचे दोन्ही रॅम्प जमिनीला टेकलेत. समोर हार्वेस्टर घरघरतोय, त्याच्या मागे आणखी दोन. वाशिम जिल्ह्यात खरिपाचं जवळपास तीन लाख हेक्टर सोयाबीन असतं. इथली सोंगणी उरकत आली, की या यंत्रांना पुढचा तालुका गाठायचा असतो. सावली एकाच बाभळीची. तिच्याखाली सात-आठ जण ताटकळत बसलेत.

"पहिले चाकाची माती काढा," म्हातारा मिस्त्री सांगतो.

एक पोरगा पहारीनं टायरच्या खाचांतली काळी माती उकरतो. ती रॅम्पवर आली तर चाक घसरतं, रस्त्यावर पडली तर मागच्या दुचाकीच्या वाटेत येते. दुसरा पोरगा सायलेन्सरभोवतीचं कुटार झाडतो. वाळलेलं कुटार तापल्या लोखंडावर पेटायला वेळ लागत नाही. धान्याची टाकी रिकामी आहे ना, हे मिस्त्री स्वतः वर चढून पाहतो. धान्य सोडायची लांब नळी अंगालगत वळवून तिची खीळ बसवतो.

पुढचा कटर आधीच सोडवून वेगळ्या ट्रॉलीवर ठेवलाय. चौदा फूट, म्हणजे सव्वाचार मीटरहून अधिक. रस्त्यावरच्या वाहनाला रुंदीची सर्वसाधारण मर्यादा 2.6 मीटर आहे. परवानगीशिवाय माल मर्यादेबाहेर आला, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 194 खाली 20,000 रुपये दंड आणि तो उतरवण्याचा भार वेगळा.

ऑपरेटर पंजाबचा. वरच्या खुर्चीवरून त्याला चाकांच्या कडा दिसत नाहीत, म्हणून त्याची नजर मिस्त्रीच्या हातांवर. "सीधा... सीधा... बस, पाजी!" आठेक टनांचं धूड पहिल्या गिअरमध्ये मुंगीच्या पावलानं चढतं. रॅम्प करकरतात. बाभळीखालची माणसं उठून उभी राहतात. चाकं फळीवर येतात, वजन नेमकं अ‍ॅक्सलवर बसेपर्यंत मिस्त्री त्याला वीतभर पुढे घेतो. हँडब्रेक. गिअर. इंजिन बंद.

आता चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे. मग साखळ्या. पुढे दोन, मागे दोन, चारही तिरप्या, परस्परांविरुद्ध ओढणाऱ्या. हूक चेसिसच्या कडीतच अडकतो. स्टिअरिंगच्या दांड्याला किंवा हायड्रॉलिकच्या पाइपाला नाही. पोरगा नायलॉनचा दोर पुढे करतो. "दोर ताडपत्रीले," मिस्त्री म्हणतो. पत्र्याच्या धारेवर दोर झिजतो, ताणला की वाढतो.

साखळी किती ताकदीची हवी? आपलं यंत्र आठ टनांचं आहे. जोराचा ब्रेक लागला की ते पुढे झेपावू पाहतं. वजनाच्या 0.8 पट जोर पुढच्या बाजूला आणि 0.5 पट आडवा व मागचा जोर रोखता यावा, असा हिशेब युरोप-अमेरिकेत धरतात. म्हणजे इथे पुढचाच जोर 6.4 टन. साडेचार टनांवरच्या अशा यंत्राला अमेरिकी नियमांत किमान चार ठिकाणी बांधावं लागतं. मिस्त्रीनं ते नियम वाचलेले नाहीत. त्याच्याही साखळ्या चारच आहेत.

लिव्हर खाली दाबून तो शेवटचा ताण देतो. लिव्हर उसळून उघडू नये म्हणून तारेनं बांधतो. मग टेप लावून उंची मोजतो. साडेचार मीटरच्या वर. गावातल्या लोंबत्या तारा कुठे आहेत, हे तो ड्रायव्हरला बोटावर मोजून सांगतो. लाल फडकी बांधली जातात. रस्त्यानं सोयाबीनच्या ट्रॉल्या जातात, धुरळा सगळ्यांच्या तोंडावर येतो.

ट्रेलर निघतो. मीही केबिनमध्ये चढतो. दहा-बारा किलोमीटरवर गाडी कडेला लागते. हवेच्या टायरवर यंत्र खड्ड्याखड्ड्याला दबतं, उसळतं, आणि साखळी सैल पडते. अमेरिकेत पहिल्या 80 किलोमीटरच्या आत तपासणी सक्तीची आहे. इथे ती त्याआधीच होते. मिस्त्री चारही कोपऱ्यांवर साखळी हातानं हलवून पाहतो. उजवीकडची मागची हलते.

"पाहा, ढिल्ली झाली ना बाप्पा," म्हणत तो एक कडी आवळतो.

भाडं ठरतं ते फेरीचं. माती काढायचा, ठोकळे लावायचा, वाटेत थांबायचा वेळ त्यात कुणी धरत नाही. तो धरायला हवा. या ट्रेलरच्या मागून दुचाकीवर शाळकरी पोरं जातात, पोत्यांवर बसलेल्या बाया जातात. त्यांचा जीव या चार साखळ्यांवर आहे.