सहा फूट कुठून आणायचे?

आमचा हॉल दहा बाय बारा. त्यात दिवाण, शोकेस, शिलाई मशीन आणि आई. एप्रिल २०२० मध्ये, कोविडच्या साथीत, टीव्हीवर ‘सहा फुटांचं अंतर राखा’ असं दिवसरात्र चालू असताना आईने दिवाणावरूनच खोलीभर नजर फिरवली आणि म्हणाली, “मग तुमच्यापैकी दोघांना जिन्यात बसवावं लागेल.” तिचं वय तेव्हा ७६, मधुमेह बावीस वर्षांचा, रक्तदाबाची गोळी वेगळी. बायको मुंबईतल्या एका रुग्णालयात परिचारिका. ज्या बाईला घरात जपायचं ती आणि जिला रोज बाहेर पडल्यावाचून गत्यंतर नाही ती, दोघी एकाच बाथरूममध्ये अंघोळ करणार, एकाच ओट्यावर चहा टाकणार.

केंद्राच्या १७ मे २०२० च्या आदेशात ६५ वर्षांवरच्यांनी, जुना आजार असलेल्यांनी, गरोदर स्त्रियांनी आणि दहा वर्षांखालच्या मुलांनी घरीच राहावं, असं म्हटलं होतं. सल्ला रास्तच होता. पण आजार काही आजींच्या पायांनी घरात येत नव्हता. तो सुनेच्या पर्समधून, मुलाच्या डब्याच्या पिशवीतून येत होता. ठाणे ते कल्याण हा पट्टा मुंबईला माणसं पुरवतो: नर्स, वॉर्डबॉय, बेस्टचे चालक, पोलीस, सफाई कामगार, बँकेतले लोक. आमच्या डोंबिवलीपासून मुंबईचं सीएसएमटी ४८ किलोमीटर. २२ मार्चच्या रात्रीपासून लोकल बंद झाली, पण या मंडळींची नोकरी चालूच होती. जून उजाडून त्यांच्यासाठी गाड्या सुटेपर्यंत बायको बसच्या रांगेत उभी राहून जात होती.

ही साखळी महापालिकेच्याही लक्षात आली होती. शहरात सापडणाऱ्या रुग्णांत मुंबईला कामाला जाणारे आणि त्यांच्या घरातले बरेच होते. म्हणून मेच्या पहिल्या आठवड्यात कल्याण-डोंबिवली महापालिकेने आदेश काढला: मुंबईत नोकरी करणाऱ्यांनी मुंबईतच राहावं, ८ मेपासून रोजची ये-जा बंद. आमच्या घरी त्या रात्री कुणी धड जेवलं नाही. राहायचं कुठे, किती दिवस, आणि घरच्या म्हातारीचं इन्सुलिन कुणी द्यायचं? ओरड झाली आणि आदेश लगोलग मागे घ्यावा लागला. मला आजही वाटतं, निदान बरोबर होतं, औषध चुकलं. नोकरदाराची मुंबईत आधी सोय करून मग तो आदेश काढला असता तर गोष्ट वेगळी होती.

म्हाताऱ्यांची काळजी कशासाठी, हे आकडे सांगत होते. जुलै २०२० मध्ये केंद्रीय आरोग्य खात्याने दिलेल्या माहितीनुसार ६० ते ७४ वयाचे लोक लोकसंख्येच्या ८ टक्के, पण मृत्यूंमध्ये त्यांचा वाटा ३९ टक्के. पंचाहत्तरीपुढचे जेमतेम २ टक्के आणि मृत्यूंत १४ टक्के. १९१८ चा इन्फ्लुएन्झा जूनमध्ये जहाजातून मुंबई बंदरात उतरला, त्याने विशी-तिशीतली धट्टीकट्टी माणसं नेली होती. या वेळी गणित उलटं होतं. वय वाढतं तशी शरीराची फौज थकते, शत्रूची ओळख पटवायला वेळ लावते. त्यात साखर, मूत्रपिंड, फुप्फुसं आधीच दमलेली असली की राखीव काही उरतच नाही.

ऑक्टोबर २०२० मध्ये अमेरिकेतल्या ग्रेट बॅरिंग्टन गावातून काही शास्त्रज्ञांनी जाहीरनामा काढला: धोका असलेल्यांना वेगळं जपा, बाकीच्यांनी नेहमीसारखं जगावं. पुष्कळ शास्त्रज्ञांनी त्याला कडाडून विरोध केला. वाचून मला पहिली आठवण झाली ती आमच्या बाथरूमची. वेगळं जपायचं म्हणजे कुठे? वन बीएचकेत?

आम्ही, आणि आमच्यासारख्या हजारो घरांनी, जागा नव्हती म्हणून वेळ वाटून घेतली. बाथरूमच्या दाराला मुलीने वहीचा कागद चिकटवला होता. आई पहाटे साडेपाचला, सगळ्यांत आधी. बायको आली की चपला जिन्यात, कपडे दाराशीच बादलीत, अंघोळ, आणि त्यानंतर अर्धा तास खिडकी उघडी ठेवून बाथरूम कुणी वापरायचं नाही. जेवण दोन पंगतींत. आई हॉलमध्ये खिडकीखाली झोपायची, बायको स्वयंपाकघरात. मास्क घरातही, आणि तो आईने नव्हे, बायकोने लावायचा. हा मुद्दा शेजाऱ्यापाजाऱ्यांना पटवताना माझी दमछाक झाली. म्हातारी माणसं मास्कमध्ये गुदमरून बसलेली आणि कामावरून आलेला मुलगा उघड्या तोंडाने समोर बसून त्यांना दिवसभराच्या बातम्या सांगतोय, असं चित्र अनेक घरांत होतं. आणखी एक चूक आम्हीही केली. सुरुवातीचे कित्येक महिने भाजी साबणाने धूत बसलो आणि बाथरूमची सोडून बाकी खिडक्या मात्र ‘रोग आत येईल’ म्हणून बंद. हवेकडे लक्ष उशिरा गेलं.

घरात तरुण माणूस बाधित झालं की खरी कसोटी लागे. वेगळी खोली आणि वेगळं शौचालय असेल तरच घरी थांबता येई. नसेल तर रांजनोली नाक्याजवळच्या टाटा आमंत्रासारख्या विलगीकरण केंद्रात जावं लागे. रुग्णवाहिका आली की गॅलऱ्या माणसांनी भरत आणि जाणारा मान खाली घालून जिना उतरे. खरं तर त्याला टाळ्या मिळायला हव्या होत्या. तो चौदा दिवस तिकडे राहिला म्हणून इकडे त्याचे वडील वाचत होते.

सप्टेंबरात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम आली. दारात आलेल्या बाईंनी आईच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला, ताप पाहिला, साखर-बीपी-किडनी-कॅन्सर विचारून फॉर्म भरला. घरातली कोणती माणसं जपायची, याची दारोदार झालेली ही यादी मला त्या काळातली सगळ्यांत शहाणपणाची गोष्ट वाटते. महापालिकेने इंडियन मेडिकल असोसिएशनच्या खासगी डॉक्टरांना सोबत घेऊन ‘डॉक्टर आर्मी’ उभी केली, तेही तसंच. पुढे स्मार्ट सिटी स्पर्धेत कोविडकाळातल्या कामाचा पुरस्कार कल्याण-डोंबिवलीला वाराणसीबरोबर विभागून मिळाला. पण मोल पुरस्काराहून आमच्या फॅमिली डॉक्टरचं अधिक. आईचं क्रिएटिनिन त्यांना तोंडपाठ.

त्यांनीच मला दोन गोष्टी शिकवल्या. एक, वयस्क माणसाला ताप येईलच असं नाही. जेवण टाकलं, बोलण्यात गोंधळ झाला, उगाच तोल जाऊन पडलं, तर तीच धोक्याची घंटा समजायची. दुसरी, चालण्याची चाचणी. बसल्या जागी ऑक्सिजन पाहायचा, मग घरातल्या घरात सहा मिनिटं चालायचं, साठीपुढच्यांनी तीनच, आणि पुन्हा पाहायचा. ९४ च्या खाली गेला किंवा तीन टक्क्यांपेक्षा जास्त घसरला तर रुग्णालय गाठायला थांबायचं नाही. आई दिवाणापासून ओट्यापर्यंत फेऱ्या घालायची आणि दर फेरीला कुकरच्या शिट्ट्या मोजायची. बोट गार असलं की यंत्र खोटं बोलतं, हे तिनेच शोधलं. आधी हात चोळायची, मग लावायची.

लसीची कथा थोडक्यात सांगतो. १ मार्च २०२१ पासून साठीवरच्यांना, आणि ४५ ते ५९ मधल्यांना सरकारी यादीतल्या वीसपैकी एखादी व्याधी असल्याचा डॉक्टरांचा दाखला असेल तर. त्या यादीत नुसता मधुमेह पुरत नव्हता. तो दहा वर्षांपेक्षा जुना किंवा गुंतागुंतीचा हवा, शिवाय रक्तदाबावर उपचार चालू हवेत. माझ्या ५२ वर्षांच्या मावसभावाचा मधुमेह आठ वर्षांचा, म्हणून तो महिनाभर ताटकळला. १ एप्रिलला ४५ वरच्या सगळ्यांना दार उघडलं, तोवर दुसरी लाट अंगावर आली होती. अंथरुणाला खिळलेल्यांना घरी येऊन लस द्या, यासाठी मुंबई उच्च न्यायालयात झगडावं लागलं. राज्यात ते सुरू व्हायला जुलै-ऑगस्ट उजाडला. लस सगळ्यांत निकडीची ज्याला, तोच तिसऱ्या मजल्यावरून उतरू शकत नाही, हे सुचायला इतका वेळ का लागावा?

आणि कोविडने नव्हे, कोविडच्या भीतीने गेलेली माणसं. डायलिसिसला आठवड्यातून दोन-तीनदा जावंच लागतं, ते टाळता येत नाही. पण कुठे केंद्र बंद, कुठे आधी तपासणीचा अहवाल आणा. मोतीबिंदू राहिले, साखरेच्या तपासण्या राहिल्या. दुसऱ्या लाटेत कोविडवरच्या स्टेरॉइडने साखर चढली आणि काळ्या बुरशीने डोळे घेतले. तेव्हा ग्लुकोमीटर घरात असणं किती मोलाचं, ते कळलं.

२०२० ची दिवाळी आठवते. नरकचतुर्दशीची पहाट आणि एरवी गजबजणाऱ्या फडके रोडवर ना ढोल, ना गर्दी. गणपतीचं देऊळही बंद. राज्यातली देवळं पाडव्याला, १६ नोव्हेंबरला उघडली. आई नवी साडी नेसून दिवाणावरच बसली होती आणि बायको रात्रपाळीवरून यायची होती. ती आली, नेहमीसारखी आधी बाथरूममध्ये गेली. उटण्याची वाटी आईने बाहेर स्टुलावर ठेवून दिली होती.

बाथरूमच्या दारावरचा कागद आता पिवळा पडलाय, कुणी काढलेला नाही. गेल्या श्रावणात बायकोला सर्दी-खोकला झाला. आई काही बोलली नाही. आपला चहाचा कप उचलून खिडकीच्या कट्ट्यावर नेला, काच सरकवली, आणि मला म्हणाली, “त्या इन्फ्लुएन्झाच्या सुईचं काय झालं रे, यंदाची राहिलीय ना माझी?”